देशाच्या पर्यटनासाठी लोकसहभागाची मोहीम: आखणीपासून समारोपापर्यंत

६ एप्रिल २०१६ रोजी स्वीडिश टुरिस्ट असोसिएशनने एक फोन नंबर जाहीर केला. जगातून कुठूनही तो फिरवला की स्वीडनमधला कोणीतरी अनोळखी माणूस फोन उचलायचा. मागे कॉल सेंटर नव्हतं आणि पाठ करून दिलेली उत्तरंही नव्हती. अ‍ॅपवर नाव नोंदवलेला कुठलाही नागरिक त्या क्षणी देशाचा प्रतिनिधी. तेव्हाचे पंतप्रधान स्टेफान लोव्हेन यांनीही एक फोन घेतला. निमित्त होतं १७६६ साली स्वीडनने कायद्याने सेन्सॉरशिप उठवली त्याला २५० वर्षं झाल्याचं. अडीच महिन्यांत दीड लाखाहून जास्त फोन आले.

असं उदाहरण ऐकलं की पर्यटनाच्या कामातल्या माणसांचे हात शिवशिवतात आणि ‘आपणही काहीतरी भन्नाट काढू’ म्हणून बैठका सुरू होतात. पण स्वीडनची कल्पना एका ओळीत मावते. अवघड होतं ते फोन उचलणाऱ्याचं काम बेतणं: त्याने किती वेळ द्यायचा, नको तेव्हा फोन कसा बंद ठेवायचा, त्याचा खासगी नंबर कसा झाकायचा. लोकसहभागाची बहुतेक मोहीम फसते ती याच जागी, म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा त्यालाच दिली आहे. देशाचं पर्यटन मंडळ असो, जिल्ह्याची समिती असो की होमस्टे चालवणाऱ्या पाच घरांचा गट, पायऱ्या त्याच राहतात. आकडे बदलतात.

पहिली पायरी: अडचण एका वाक्यात लिहा

‘आमच्याकडे पर्यटक वाढावेत’ ही इच्छा झाली. अडचणीच्या वाक्यात तीन गोष्टी लागतात: कोण, त्याला आज काय वाटतं, आणि त्याने काय करावं. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या एयाफ्यातलायोकुल ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातली विमानं जवळजवळ आठवडाभर बंद होती. अख्खा देश राखेखाली आहे असा परदेशात समज झाला आणि उन्हाळ्याचा हंगाम तोंडावर होता. अडचण इतकी नेमकी असल्यामुळे उत्तरही नेमकं सुचलं. सरकारने ‘इथे सगळं ठीक आहे’ म्हटलं असतं तर कोणाचा विश्वास बसला नसता, म्हणून नागरिकांनाच सांगितलं की बाहेर काय दिसतंय ते आपापल्या ओळखीच्यांना कळवा. जूनमध्ये ‘इन्स्पायर्ड बाय आइसलँड’ ही मोहीम त्यातूनच उभी राहिली.

आपल्याकडचं वाक्य असं असू शकेल: ‘पुण्या-मुंबईच्या कुटुंबांना वाटतं की पावसाळ्यात कोकणात घराबाहेर पडता येत नाही, त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये दोन रात्री मुक्कामाला यावं.’ या वाक्यावरून कोणाला बोलवायचं, कोणी बोलायचं, कधी बोलायचं हे आपोआप ठरतं.

अडचणीचं मूळ रस्ता, स्वच्छतागृह किंवा पाणी असेल तर मोहीम काढू नका. पाहुणे येतील, वैतागतील आणि ते वैतागणंच सगळीकडे पसरेल. आधी स्वच्छतागृह बांधा.

दुसरी पायरी: नागरिकाचं काम बेता

आजवरच्या गाजलेल्या मोहिमा पाहिल्या तर नागरिकाला दिलेलं काम साधारण पाचांपैकी एक असतं: बोलणं, लिहिणं, उत्तर देणं, दाखवणं, दुरुस्ती करणं. यातलं एकच निवडा. सगळं एकदम करायला गेलेल्या मोहिमेत नेमकं काय करायचं ते कार्यकर्त्यांनाही सांगता येत नाही.

बोलण्याच्या कामाचा हिशेब आधी कागदावर मांडावा. समजा, गर्दीच्या वेळी तासाला ३०० फोन येतील आणि एक फोन सरासरी ४ मिनिटं चालेल. म्हणजे तासाला १,२०० मिनिटांचं बोलणं, अर्थात सतत २० माणसं फोनवर. नोंदणी केलेल्या दहांपैकी एकच जण त्या क्षणी मोकळा असतो असं धरलं तर २०० जण लागतात. बोलणं संपल्या संपल्या दुसरा फोन कोणालाच नको असतो, म्हणून ३०० धरा. हे ३०० जण पहिल्याच दिवशी हवेत, कारण बातमी छापून येते त्याच दिवशी फोनांचा पूर येतो. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. त्या वेळेला जागे असणारे लोक (दूधवाले, कोळी, रात्रपाळीचे कामगार) मुद्दाम शोधावे लागतात, आणि खरं तर त्यांच्याच गप्पा सर्वांत ऐकण्यासारख्या असतात. मधला नंबर संस्थेचा असावा आणि स्वयंसेवकाचा स्वतःचा नंबर समोरच्याला कधीही दिसू नये. ‘आत्ता उपलब्ध’ आणि ‘आत्ता नाही’ हे एका बटणावर असावं. त्रासदायक फोन एका दाबात तोडून तो नंबर रोखता यावा. एवढी सोय नसेल तर, विशेषतः महिला स्वयंसेवक, आठवड्याभरात गळतात.

लिहिण्याचं काम डिसेंबर २०११ पासून स्वीडननेच करून दाखवलं. देशाचं अधिकृत ट्विटर खातं दर आठवड्याला एका वेगळ्या नागरिकाच्या हाती द्यायचं. हे सुमारे सात वर्षं चाललं. इथे एक आठवडा हे माप बरोबर आहे. तीन दिवसांत माणूस मोकळा होत नाही आणि पंधरा दिवसांत विषय संपतात. खात्याचा पासवर्ड दर पाळीला बदलावा आणि दुहेरी पडताळणीचा फोन कार्यालयातच ठेवावा.

उत्तर देण्याचं काम सर्वांत स्वस्त. २०१५ मध्ये आइसलँडने गुडमंडूर (बायकांमध्ये गुडमंडा) या तिथे सर्रास आढळणाऱ्या नावाच्या सात जणांना प्रत्येकी एक प्रदेश वाटून दिला आणि लोकांचे प्रश्न त्यांच्याकडे वळवले. सर्च इंजिनाऐवजी माणूस. गावपातळीवर हे उद्या सुरू करता येतं: तालुक्याचे चार-पाच भाग पाडा, प्रत्येकाला एक माणूस नेमा, उत्तराची मुदत २४ तास ठेवा. एकाकडे दिवसाला दहाच्या वर प्रश्न जाऊ देऊ नका. अकरावा प्रश्न दुसऱ्याकडे वळवा.

दाखवण्याच्या कामात उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांना तोड नाही. पन्नास हजार वस्ती, अठरा बेटं, माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. २०१६ पर्यंत गुगल स्ट्रीट व्ह्यूची (नकाशासाठी रस्त्यांची चित्रं टिपणारी) गाडी तिथे फिरकलीच नव्हती. पर्यटन मंडळाने काही मेंढ्यांच्या पाठीवर ३६० अंशांचे कॅमेरे बांधले आणि त्या चरतील तिथली चित्रं नकाशावर चढवली. गुगलने त्याची दखल घेतली, कॅमेरे पाठवले, आणि मग उरलेलं चित्रण रहिवाशांनी आणि पाहुण्यांनी मिळून केलं. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत त्यांनी वेगळंच काढलं. स्थानिक गाइड कॅमेरा लावून फिरायचा आणि घरी बसलेला माणूस एखाद्या मिनिटापुरता त्याला पडद्यावरच्या बटणांनी हुकूम द्यायचा: डावीकडे वळ, चाल, पळ, उडी मार. असं थेट प्रक्षेपण करायचं असेल तर त्याच जागी, त्याच वेळी अपलोडचा वेग मोजा. साध्या एचडी चित्राला ५ एमबीपीएस हवा. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम कार्डं ठेवा आणि गाइडच्या जोडीला दुसरा माणूस द्या. कड्याच्या किती जवळ जायचं हे गाइडच ठरवेल, प्रेक्षक नव्हे, हे आधीच जाहीर करा.

दुरुस्तीचं काम महाराष्ट्राला नवं नाही. गडकिल्ल्यांवर श्रमदान करणाऱ्या संस्था वर्षानुवर्षं ते करत आल्या आहेत. फेरोने एप्रिल २०१९ मध्ये ठरावीक पर्यटनस्थळं एका आठवड्याअखेरीपुरती दुरुस्तीसाठी बंद केली आणि जगभरातून १०० स्वयंसेवक बोलावले. अर्ज काही हजार आले. प्रवासखर्च ज्याचा त्याचा, जेवण आणि राहणं बेटांकडून. पायवाटा बांधणं, दिशादर्शक लावणं अशी कामं स्थानिकांच्या देखरेखीखाली झाली. ‘आमच्याकडे या’ म्हणण्याऐवजी ‘आम्ही बंद आहोत’ म्हटल्याने जगभर बातमी झाली, हा भाग निव्वळ हुशारीचा. आपल्याकडे हे करायचं तर एक पथ्य कसोशीने पाळावं लागतं. संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व विभागाच्या लेखी परवानगीशिवाय दगड हलवणं, खोदणं, सिमेंट लावणं यातलं काहीही चालत नाही. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, तिथे तर दुप्पट काळजी हवी. कचरा उचलणं, वाटेवरचं गवत काढणं, पाण्याची टाकी साफ करणं ही साधी वाटणारी कामंसुद्धा आधी विचारून करा. टाक्यातल्या गाळात वस्तू सापडतात, आणि त्या जिथल्या तिथे ठेवून विभागाला कळवायच्या असतात.

कोणतंही काम निवडलं तरी शेवटी अर्ध्या पानाची चिठ्ठी तयार व्हायला हवी. त्यावर काय करायचं, आठवड्याला किती तास, कोणतं साधन आपलं आणि कोणतं संस्थेचं, अडलं तर कोणाला फोन करायचा, आणि मध्येच सोडायचं असेल तर कसं. ही चिठ्ठी गावातल्या दहावी झालेल्या माणसाला एका वाचनात कळली नाही, तर चिठ्ठीत नव्हे, कामातच घोळ आहे.

माणसं निवडताना

खुलं आवाहन केलं की पुढे येतात हॉटेलवाले, गाइड, निवडणुकीची तयारी करणारे आणि रील बनवणारी पोरं. यांतलं कोणीच वाईट नाही, पण सगळे काहीतरी विकायला आलेले असतात. स्वीडनच्या ट्विटर खात्यासाठी स्वतः अर्ज करता येत नसे. दुसऱ्या कोणीतरी नाव सुचवावं लागे. ही पद्धत उचलण्यासारखी आहे. शाळेतल्या बाई, एसटीचे वाहक, पोस्टमन, बचतगटाच्या अध्यक्षा यांना नावं विचारा. ते बोलक्या, वेळ पाळणाऱ्या माणसांकडे बोट दाखवतात.

प्रशिक्षण दोन तासांचं पुरतं. पहिला तास खऱ्या प्रश्नांवर: शेवटची गाडी किती वाजता, शाकाहारी जेवण मिळेल का, जवळचं रुग्णालय कुठे, ११२ कधी लावायचा. दुसऱ्या तासात फक्त ‘मला माहीत नाही, विचारून सांगते’ हे न लाजता म्हणायची तालीम. आपल्याकडे पाहुण्याला ‘माहीत नाही’ म्हणणं कमीपणाचं वाटतं आणि मग चुकीचा रस्ता सांगितला जातो. वाक्यं पाठ करून घेऊ नका. सगळे एकच वाक्य बोलायला लागले की ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं.

मोबदला द्यायचा का? आठवड्याला दोन तासांपर्यंतचं काम आवडीवर चालतं. त्यापुढे मानधन किंवा निदान फोनचा आणि प्रवासाचा खर्च द्या. दाखवण्याच्या कामात गाइडला पूर्ण मजुरी द्यावी. त्यात त्याचा दिवस जातो.

मोकळीक आणि तिची किंमत

जून २०१२ मध्ये स्वीडनच्या खात्यावर त्या आठवड्याच्या नागरिकाने ज्यूंविषयी अडाणी प्रश्न विचारले आणि जगभर टीका झाली. चालकांनी मोहीम गुंडाळली नाही. मजकूर आधी तपासायचा नाही हा नियमही बदलला नाही. ते टिकू शकले, कारण नियम पहिल्या दिवसापासून जाहीर होते: कायदा मोडायचा नाही, कोणाची जाहिरात करायची नाही, देशाची सुरक्षा धोक्यात आणायची नाही. वादळ आल्यावर नियम लिहायला बसणाऱ्या संस्थेचं काही खरं नसतं.

म्हणून सुरू होण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहून सहीनिशी ठेवा. कोणत्या गोष्टी चालणार नाहीत? त्या घडल्या तर निर्णय कोण घेणार? (नाव एकच लिहा, ‘समिती’ लिहिलंत की तीन दिवस जातात.) आणि किती तासांत? दोन तास ही वाजवी मर्यादा आहे. नागरिकाने गावातल्या खड्ड्यांबद्दल लिहिलं तर ते खोडू नका. खड्डा दिसतोय आणि खात्यावर सगळं गुलाबी, तेव्हा लोक खात्यावर विश्वास ठेवणं थांबवतात.

फोटो-व्हिडिओसाठी लेखी संमती घ्या, मुलांच्या बाबतीत पालकांची. घराचं अचूक ठिकाण, बायका पाणवठ्यावर असतानाचं चित्रण, देवराईतल्या बंदी असलेल्या जागा या गोष्टी ग्रामसभेत आधी बोलून घ्या. पैसे घेऊन कोणी पोस्ट करत असेल तर त्यावर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहायला लावा.

नवल कसं निवडावं

मेंढी का चालली? फेरोमध्ये मेंढ्या खरोखरच सगळीकडे असतात. त्यांच्या पाठीवरच्या कॅमेऱ्यातून जे दिसलं तेच पर्यटकाला तिथे गेल्यावर दिसणार होतं. २०१७ मध्ये गुगल ट्रान्सलेटवर फेरोई भाषा नाही म्हणून तिथल्या लोकांनी स्वतः व्हिडिओत बोलून भाषांतरं करून दिली, तेही त्याच जातीचं. (ती भाषा गुगलवर २०२४ मध्ये आली.) कसोटी सोपी आहे: तुमच्या कल्पनेतून गावाचं नाव काढून शेजारच्या जिल्ह्याचं घातलं तरी ती जशीच्या तशी चालत असेल, तर टाकून द्या. हॅशटॅग, सेल्फी पॉइंट, ‘आय लव्ह’ची रंगीत अक्षरं या कसोटीवर सगळी नापास होतात.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने २००९ मध्ये ‘जगातली सर्वोत्तम नोकरी’ काढली: सहा महिने हॅमिल्टन बेटावर राहायचं, पगार दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, अर्जासोबत ६० सेकंदांचा व्हिडिओ. ३४ हजारांहून जास्त अर्ज आले. यातली मेख अशी की प्रत्येक अर्जदाराला व्हिडिओसाठी त्या बेटांची माहिती काढावी लागली. तिथेच प्रचार झाला, निवड नंतर. सुरुवातीलाच गर्दीने संकेतस्थळ बसलं हेही लक्षात ठेवा आणि नोंदणीचं पान अपेक्षेच्या किमान दहापट भाराने आधी तपासून घ्या.

वेळापत्रक आणि पैसा

तीन आठवडे अडचण आणि ग्रामसभा किंवा संबंधित खात्यांच्या परवानग्या. तीन आठवडे चिठ्ठी आणि निवड. दोन आठवडे प्रशिक्षण. मग दोन आठवड्यांची चाचणी: २० स्वयंसेवक, बाहेरचे ५० ओळखीचे लोक, कसलीही प्रसिद्धी नाही. चाचणीत तीन गोष्टी हमखास बाहेर येतात: दुपारी दोन ते चार कोणी उपलब्ध नसतं, एकच प्रश्न निम्म्या वेळा विचारला जातो, आणि तीन-चार स्वयंसेवक पहिल्या दिवसानंतर गायब होतात. ते दुरुस्त करायला दोन आठवडे ठेवून तेराव्या आठवड्यात जाहीर करा. दिवस निवडताना दिवाळी, निवडणूक, क्रिकेटचा मोठा सामना टाळा. स्वीडनने साधलेल्या २५० वर्षांसारखं अर्थाचं निमित्त मिळालं तर उत्तम.

पैशाचा मोठा वाटा स्वयंसेवकांची सोय, तांत्रिक व्यवस्था आणि पाहुण्यांच्या सुविधा यांवर जावा. जाहिरातीवर निम्म्याहून जास्त खर्च होत असेल तर कल्पना पुरेशी चालणारी नाही, हे ओळखावं.

पाहुणे आल्यावर

आइसलँडला २०१० मध्ये सुमारे पाच लाख परदेशी पाहुणे आले होते, २०१८ मध्ये तेवीस लाखांवर. स्थानिक लोकसंख्या त्यांच्या सहाव्या हिश्श्याएवढीही नव्हती. स्वस्त विमानं, पडलेलं चलन अशी कारणं बरीच होती. सगळं श्रेय मोहिमेला देणं चूक ठरेल. पण नुकसान खरंच झालं. एका जगप्रसिद्ध पॉप गायकाच्या व्हिडिओत दिसलेली फ्याद्रारग्ल्यूफूर ही घळ, तिथलं शेवाळ तुडवलं गेल्यामुळे, २०१९ मध्ये काही काळ बंद ठेवावी लागली. पलाऊ या पॅसिफिकमधल्या देशाने २०१७ पासून पाहुण्याच्या पासपोर्टवर पर्यावरण जपण्याच्या प्रतिज्ञेचा शिक्का मारून त्यावर त्याची सही घ्यायला सुरुवात केली. ही प्रतिज्ञा तिथल्या मुलांच्या मदतीने लिहिलेली आणि त्या मुलांनाच उद्देशून आहे.

आपली मर्यादा आधी काढा: होमस्टेच्या खाटा, स्वच्छतागृहं, वाहनतळ, पिण्याचं पाणी. या चारांत जे सर्वांत कमी पडतं, तीच तुमची रोजची संख्या. कास पठारावर हंगामात ऑनलाइन नोंदणी करून संख्या आवरावी लागते ती यासाठीच. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात आणि पैसा गावात राहतो. तिथे अजून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: पिल्लं बाहेर येणं निसर्गाच्या हातात आहे हे पाहुण्याला बुकिंगच्या वेळीच सांगावं लागतं, नाहीतर किनाऱ्यावर भांडण ठरलेलं. परदेशी पाहुणा घरी उतरला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. होमस्टेवाल्या प्रत्येक घरातल्या एकाला तरी हे करता यायला हवं.

परदेशातली आपली माणसं

भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये ‘चलो इंडिया’ ही हाक दिली: प्रत्येक अनिवासी भारतीयाने पाच बिगर-भारतीय मित्रांना भारतात पाठवावं. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांसाठी हे काम सोयीचं आहे, फक्त ते ‘प्रचार करा’ इतकं मोघम ठेवू नका. एका मित्रासाठी एक कागद करा: सात दिवसांचा मार्ग, राहण्याची दोन ठिकाणं, अंदाजे खर्च, कोणत्या महिन्यात येऊ नये, आणि इथे अडल्यावर फोन करता येईल अशा एका माणसाचं नाव. तिखट किती, पाणी कोणतं, बाथरूम कशी, हे प्रश्न विचारायला तो मित्र लाजतो. उत्तरं आधीच लिहून ठेवा. वेरूळ-अजिंठ्याला सोमवार-मंगळवारचा घोळ हमखास होतो. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी.

मोजणी आणि समारोप

लाइक मोजू नका. होमस्टेच्या वहीत एक रकाना वाढवा: ‘आमच्याबद्दल पहिल्यांदा कुठे ऐकलं?’ त्याशिवाय मुक्कामाच्या सरासरी रात्री, बिगरहंगामी महिन्यांतली खोल्यांची भरती, आणि दुसऱ्या महिन्यातही काम करत राहिलेले स्वयंसेवक मोजा. मोहिमेआधीच्या वर्षाचे हेच आकडे हाताशी नसतील तर तुलना करता येणार नाही. ते जमवूनच सुरुवात करा. स्वयंसेवक निम्म्याहून खाली आले तर नवी भरती करण्याआधी चिठ्ठी पुन्हा वाचा.

बंद करण्याची तारीख सुरुवातीलाच ठरवावी. स्वीडनचा फोन तीन महिनेही चालला नाही, त्यांचं ट्विटर खातं २०१८ मध्ये थांबवलं, आणि दोन्ही वेळा ते लोक कंटाळण्याआधी. नंबर बंद केल्यावर महिनाभर त्यावर ध्वनिमुद्रित निरोप आणि माहिती केंद्राचा क्रमांक ठेवा. स्वयंसेवकांचे आणि फोन करणाऱ्यांचे नंबर पुसून टाका. पुढच्या कामाला बोलवा असं ज्यांनी लेखी कळवलं असेल, त्यांची यादी वेगळी ठेवा आणि ती कोणाच्या ताब्यात आहे हे बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवा.